कॅटेनरी, चेन आणि आपला झोळ

प्रश्न असा आहे: दोन खांबांमध्ये सैल लोंबणाऱ्या तारेचा जो वक्र होतो, त्या ‘कॅटेनरी’ला मराठीत अन्वस्त (म्हणजे पॅराबोला, फेकलेल्या चेंडूच्या वाटेचा वक्र) म्हणावं की रज्जुवक्र?

अन्वस्त तर मुळीच म्हणू नये. चांगली शिकलेली माणसंही लोंबता वक्र दिसला की ‘अन्वस्त’ म्हणून मोकळी होतात आणि वर गॅलिलिओची साक्ष काढतात. १६३८ च्या ग्रंथात त्याने साखळी अन्वस्ताच्या जवळ जाते असं म्हटलं आहे, आणि झोळ कमी असेल तेव्हा ती अधिकच जवळ जाते, हेही सांगितलं आहे. पण जवळ जाणं म्हणजे तेच असणं नव्हे. साखळी म्हणजे अन्वस्तच, हे जर्मन गणिती युंगियुसने खोडून काढलं आणि त्याचं म्हणणं १६६९ मध्ये छापूनही आलं. झुलत्या पुलाच्या सडकेसारखा भार आडव्या अंतरावर सारखा पसरलेला असेल तर केबल अन्वस्ताकार होते. दोरीला फक्त स्वतःचं वजन पेलायचं असेल तर कॅटेनरी.

आता शब्दाकडे. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६९० मध्ये जर्मन गणिती लायब्निट्झला लिहिलेल्या पत्रात ‘कॅटेनारिया’ वापरला. लॅटिनमध्ये ‘कॅटेना’ म्हणजे साखळी. हाच शब्द जुन्या फ्रेंचमधून झिजत झिजत इंग्रजीत ‘चेन’ झाला! म्हणजे गळ्यातली चेन, सायकलची चेन आणि गणितातली कॅटेनरी ही एकाच घरची लेकरं. पोर्तुगीजमध्ये त्याचाच ‘कादेया’ झाला. त्याचा अर्थ साखळी, आणि तुरुंगसुद्धा. (कोकणीतल्या ‘कदेल’ची, म्हणजे खुर्चीची, इथे गल्लत करू नये. त्या शब्दाचं मूळ वेगळं.) इंग्रजी ‘कॅटेनरी’चं श्रेय अमेरिकेच्या थॉमस जेफर्सनच्या १७८८ च्या पत्राला देणारे हायगेन्सचं नावही घेत नाहीत, हे मला अजिबात पटत नाही. शब्दाचा जन्म सांगायचा तर पूर्ण सांगावा.

त्याहून वाईट म्हणजे ‘कॅटेना आपल्या कडीवरूनच गेला’ हे ठोकून दिलेलं विधान. आपली कडी ‘कटक’वरून आली, म्हणजे कडं, वलय. साखळी आली ‘शृंखला’वरून. दोन अक्षरं जुळली की नातं लागत नाही.

राहिला रज्जुवक्र. अर्थाला चूक नाही, पण हा शब्द तोंडात बसत नाही. वाळत घालायची दोरी मधे खाली आली की घरातलं कोणीही ‘झोळ पडलाय, जरा ताण’ असं म्हणतं. झोळ म्हणजे सैलपणामुळे मधे आलेला पोट काढलेला भाग, आणि झोळी त्याच कुळातली. बोलण्यातला ‘यात काहीतरी झोल आहे’ हाही, माझ्या मते, याच सैलपणातून निघाला: जिथे व्यवहार ताठ नाही तिथे लपवायला जागा. म्हणून मी ‘झोळवक्र’ सुचवतो. लिहिताना मात्र तारेचा ‘झोल’ लिहू नका, ळ जपा.

रेल्वेवाल्यांची ‘कॅटेनरी’ तशीच राहू द्या, तिथे तो शब्द रुळलेला आहे. वरची तार कॅटेनरी, तिला झोळ असतो. तिच्यावरून लहानमोठ्या लांबीच्या तारांनी खाली टांगलेली, पँटोग्राफ (इंजिनाच्या टपावरचा वीज घेणारा सांगाडा) घासत जातो ती तार मात्र जवळजवळ सरळ धावते.