बोट ठेवायला सांग

पोरी,

परवा रात्री फोनवर तू म्हणालीस, "अण्णा, यंदा घड कमीच निघाले. मला द्राक्षबाग जमतच नाही, हेच खरं." फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

तुझे काका भावकीच्या ग्रुपवर काय बोलले ते मला दिंडोरीच्या औषधाच्या दुकानात कळलं. "पोरीच्या हातात बाग दिली, दुसरं काय होणार!" बरं. आता त्यांना एवढंच विचार, कुठे चुकलं? कोणत्या ओळीत, कोणत्या काडीला, कोणत्या आठवड्यात? बोट ठेवा म्हणावं. ज्याला बोट ठेवता येत नाही, त्याचं बोलणं बांधावरच राहू दे, घरात आणायचं नाही.

मी ठेवतो बोट. घड कमी निघाल्याचं तुला गोडी छाटणीनंतर, म्हणजे ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर दिसलं, पण गणित आधीच बिघडलं होतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यात घड तयार होतो आणि त्याला तेव्हा ऊन लागतं. तुझ्याकडे नेमकं त्याच दिवसांत आभाळ भरून आलं. त्याला तू काय करणार? पण फुटींची गर्दी तशीच ठेवलीस आणि ऑक्टोबरात काडीच्या कोणत्या डोळ्यात घड आहे ते तपासून न घेता कात्री चालवलीस, हे दोन्ही तुझं. चुका दोन, त्याही पुढच्या हंगामात सुधारता येणाऱ्या. यात 'मला जमतच नाही' कुठून आलं?

तुझ्या वयाचा असताना मी याहून मोठा गाढवपणा केलाय. एक मोठे बागायतदार गाडीतून खाली न उतरताच म्हणाले, "हे रान द्राक्षाचं नव्हे." रानात पाऊलही न ठेवलेल्या माणसाचं ऐकून मी आठ दिवसांत दीड एकर बाग तोडली. खरं तर पाणी खारट होतं आणि वेली स्वतःच्या मुळांवर होत्या. पुढे त्याच रानात, खारं पाणी सोसणाऱ्या डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम करून, बाग उभी राहिली. तू लहानपणी तिथलेच मणी चोरून खायचीस. ती तोडलेली बाग मला अजून स्वप्नात दिसते.

मग मी उलट्या टोकाला गेलो. कुणाचंच ऐकायचं नाही! घडातले दाट मणी विरळायला पेठकडून बायका यायच्या. त्यातल्या एकीनं घड उलटा करून दाखवला, "अण्णा, इथं पांढरं दिसतंय." मी म्हणालो, "तू आपलं काम कर." ती भुरी होती, बुरशीचा रोग. त्या वर्षी निम्मा माल बेदाण्याला गेला. तसं पाहिलं तर त्या वर्षी सगळ्यांच्याच बागेत भुरी होती. बरं, सगळ्यांच्या नव्हती. त्या बाईनं बोट ठेवलं होतं, खरोखरचं, घडावर. मला मात्र बोट कुणाचं आहे तेवढंच दिसलं.

म्हणून सांगतो, माणूस बघू नकोस, बोट बघ. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा द्राक्षवाले विष पिकवतात असं लोक सर्रास बोलायचे. ते ऐकून मी चार रात्री झोपलो नव्हतो. तिकडच्या प्रयोगशाळेनं मात्र नाव घेऊन सांगितलं: क्लोरमेक्वॅट क्लोराइड, मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, तुमच्या मालात त्याहून जास्त. म्हणजे आपलं सीसीसी, वाढ रोखून घड धरावेत म्हणून आपणच मारत होतो ते. झोंबलं, नुकसानही झालं, पण काय सोडायचं ते कळलं. लोकांच्या बोलण्यातून काय सोडायचं होतं? शेती?

आणि हो, रडायचं तर रड, पण ग्रुपवर लांबलचक उत्तर लिहीत बसू नकोस. ते मी करून पाहिलंय, बागेतलं एकही पान त्यानं हललं नाही.

रविवारी सकाळी येतो. काड्यांची वही काढून ठेव, नसेल तर कोरी आण. काकांनाही चहाला बोलव. चहा झाला की त्यांना बागेत नेणार आहे, पहिल्या ओळीपासून.

तुझा,
अण्णा