संगणक शंकासमाधान : अक्षर उशिरा का उमटतं?

प्रश्न : मोबाइल हॉटस्पॉटवरून मुंबईतल्या सर्व्हरला एसएसएचने (दूरचा संगणक टर्मिनलमधून चालवायची सुरक्षित जोडणी) जोडून तिथल्या विम या मजकूर-संपादकात फाइल दुरुस्त करतो. अक्षर सेकंदभराने दिसतं, बाणाची कळ दाबली की कधी भलतीच अक्षरं पडतात, पावसात रेंज गेली की काम अर्धवट राहतं. मोठा डेटा पॅक घेऊ का?
– एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : पॅकवर पैसे घालवू नका. दाबलेली कळ सर्व्हरपर्यंत जाते, तिथलं विम ते अक्षर परत पाठवतं, मगच ते तुम्हाला दिसतं. वेळ जातो तो या फेरीत. एखादं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, वाटेत हरवलं, तर ते पुन्हा येईपर्यंत टीसीपी (एसएसएच ज्यावर चालतं तो डेटा क्रमाने पोचवायचा नियम) मागची सगळी पॅकेटं अडवून धरतं. म्हणून अक्षरं थबकतात आणि मग एकदम घोळक्याने येतात.

बाणाची कळ म्हणजे तीन बाइट : एस्केप, ओ आणि ए ते डीपैकी एक अक्षर. हे बाइट वेगवेगळ्या वेळी पोचले, तर विम एस्केप सुटा धरतं, ‘ओ’ने वर नवी ओळ उघडतं आणि उरलेलं अक्षर तिच्यात टाकतं. विममधली ‘टीटाइमआउटलेन’ (ttimeoutlen) ही सेटिंग, म्हणजे एस्केपनंतरच्या बाइटांची वाट पाहायचा वेळ, 1000 मिलिसेकंद करा. एस्केपचा परिणाम मग जरा उशिरा दिसेल, तेवढं चालवून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे बाण सोडाच. तिरकी रेघ (/) देऊन शब्द शोधा, एका फेरीत थेट तिथे पोचाल.

रोजचं काम असेल तर मॉश (mosh) हा कच्च्या नेटवर्कसाठीचा जोडणीचा प्रोग्रॅम वापरा. ते तुमच्या संगणकावर आणि सर्व्हरवर, दोन्हीकडे बसवावं लागतं आणि सर्व्हरवर यूडीपीची (टीसीपीसारखाच डेटा पाठवायचा दुसरा नियम) 60000 ते 61000 ही पोर्टं, म्हणजे जोडणीची दारं, उघडी लागतात. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. मॉश अक्षराचा अंदाज बांधून ते लगेच दाखवतं, फेरी लांबली तर खाली रेघ ओढून. रेंज जाऊन आली तरी जोडणी टिकते.

सर्व्हरवर आधी टीमक्स (tmux, जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) आणि त्याच्या आत विम, हा क्रम मोडू नका. टीमक्सविना जोडणी तुटलीच, तर विमला ‘वजा आर’ (-r) आणि फाइलचं नाव द्या. स्वॅप फाइलमधून, म्हणजे विम आपोआप ठेवतं त्या तात्पुरत्या फाइलमधून, मजकूर परत येतो. तो तपासून, जतन करूनच स्वॅप फाइल पुसा.

लांबलचक मजकूर मात्र घरच्या संगणकावरच लिहा आणि आरसिंक (rsync) या फाइली पाठवायच्या प्रोग्रॅमने सर्व्हरवर पाठवा. मधल्या काळात सर्व्हरवरची प्रत दुसऱ्या कुणी बदलली नाही ना, ते आधी पाहा. नाहीतर त्यांचं काम पुसलं जाईल.

प्रश्न : कंट्रोल-एस दाबल्यावर टर्मिनल गोठतं. नेटवर्कचा दोष?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. टर्मिनलसाठी ती ‘थांब’ची खूण आहे. कंट्रोल-क्यू दाबा.