वाचक विचारतात : राणीच्या बागेतलं संग्रहालय नेमकं कोणाचं?

प्रश्न : ताई, नातवाला राणीचा बाग दाखवायला नेलं होतं. पेंग्विन बघून झाले आणि उन्हाला कंटाळून शेजारच्या संग्रहालयात शिरलो. बाहेर नाव डॉ. भाऊ दाजी लाड यांचं, आत मधोमध उभा व्हिक्टोरिया राणीचा नवरा, प्रिन्स अल्बर्ट! आमचे वडील म्हणायचे की हे सगळं एका गोऱ्या साहेबाने केलं. मग श्रेय कोणाचं? आणि एका सरकारी अधिकाऱ्याच्या हौसेने एवढं उभं राहतं का हो?
– एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : आजोबा, वडील अर्धे बरोबर होते. तो साहेब म्हणजे जॉर्ज बर्डवुड. जन्म १८३२ चा, बेळगावातला, त्यामुळे त्याला आपल्याकडचा म्हणायला हरकत नाही (सीमाप्रश्न आज नको). पेशाने डॉक्टर, नोकरी सरकारी, शिकवायला ग्रँट मेडिकल कॉलेजात. भाऊ दाजी त्याच कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. गोव्यातल्या मांद्र्याहून मुंबईत आलेला हा डॉक्टर जुनी नाणी आणि शिलालेखही तितक्याच आवडीने वाचायचा. दोघांची ओळख होण्यासाठी वेगळं निमित्त लागलंच नसेल.

आधी एक सरकारी संग्रहालय कोटातल्या, म्हणजे आजच्या फोर्टमधल्या, बराकीत होतं. १८५७ ला बंड झालं, सैन्याला जागा हवी झाली, संग्रह तिथून काढला गेला आणि त्यात त्याची बरीच नासधूस झाली. उरलंसुरलं सांभाळायचं काम बर्डवुडकडे आलं. दुसरा एखादा असता तर यादी करून, कुलूप लावून मोकळा झाला असता. याने मात्र शहराला स्वतःची इमारत हवी असा धोशा लावला. त्याच्याबरोबर होते भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट. १८६२ मध्ये भायखळ्याला पायाभरणी झाली.

पैसे? सुरुवातीचे बरेचसे लोकांच्या वर्गणीतून. तुम्ही पाहिलात तो अल्बर्टचा पुतळाही डेव्हिड ससूनने दिलेला. अमेरिकेत यादवी सुरू होती, तिथला कापूस अडला होता, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईचे शेठ सढळ हाताने देत होते. १८६५ मध्ये ती यादवी संपली, भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला, भलेभले दिवाळखोर झाले. इमारतीचं काम रखडलं. शेवटी सरकारने पैसा घातला, तेव्हा कुठे १८७२ मध्ये दारं उघडली. बर्डवुड त्याआधीच, १८६८ मध्ये, तब्येत ढासळल्याने विलायतेला गेला होता.

म्हणून माझं मत विचाराल तर हौस बर्डवुडची, वजन भाऊ दाजी-नानांचं आणि इमारतीवर छप्पर चढलं ते सरकारी तिजोरीमुळे. नुसत्या हौशीवर भिंती अर्ध्यातच राहिल्या असत्या. १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव दिलं ते मला योग्यच वाटतं.

पण साहेबाची आवड आतल्या कपाटांत अजून दिसते, ती पुढच्या वेळी नातवाला दाखवा. मातीच्या बाहुल्यांमधून मांडलेले व्यवसाय, पोशाख, जातीजमाती. बिदरीकाम (काळ्या धातूवर चांदीचं जडावकाम), हस्तिदंत, चंदनावरची कोरीव कामं, स्कूल ऑफ आर्टची चिनीमातीची भांडी. हिंदुस्थानचा कारागीर त्याला मनापासून आवडायचा, त्यावर १८८० मध्ये त्याने मोठा ग्रंथही लिहिला. मात्र हा कारागीर त्याच्या लेखी कारागीरच, कलावंत नव्हे! १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत, अध्यक्षाच्या खुर्चीवरून, जावामधल्या ध्यानस्थ बुद्धमूर्तीबद्दल तो म्हणाला की आत्म्याची शांती दाखवायला चरबी घालून उकडलेलं पुडिंगही तेवढंच चालेल. लंडनच्या चित्रकार-शिल्पकारांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून निषेध केला आणि त्याच वर्षी भारतीय कलेच्या बाजूने बोलणारी इंडिया सोसायटी तिथे स्थापन झाली.

मला हे वाचून राग येतो आणि हसूही येतं. आयुष्यभर आपल्या वस्तू जपणाऱ्याला बुद्धाच्या चेहऱ्यात काही दिसू नये? तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. अधिकाऱ्याच्या आवडीने संग्रहालय उभं राहतं, पण त्याला जे दिसत नाही ते कपाटात येत नाही. ती जागा मागाहून आलेल्यांना भरावी लागते.

भायखळ्याला मागाहून आलेले बरे निघाले. इमारत पार खंगली होती. २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी तिघांत करार करून काम हाती घेतलं. २००५ मध्ये जीर्णोद्धाराला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुलं झालं. आता आजच्या चित्रकारांची प्रदर्शनंही तिथे लागतात. छताकडे मान वर करून बघितलंत ना? आणि बाहेरचा दगडी हत्ती? तो घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिलं.

प्रश्न : आजीचे पितळी अडकित्ते आणि दोन समया घरात पडून आहेत. मोडीत घालवत नाही. सरकारी संग्रहालयाला दिल्या तर नीट राहतील का?
– सौ. वि. कु., सातारा

उत्तर : वि. ताई, पुण्याचं केळकर संग्रहालय पाहून या, तिथले अडकित्ते आणि दिवे बघून तुमच्या वस्तूंची किंमत कळेल. दिनकर केळकरांनी जन्मभर, गावोगाव हिंडून जमवलेला तो सगळा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. संग्रहालयाला दिलेलं नाव त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं.

द्यायचं ठरवलंत तर आधी पत्र लिहा, फोटो जोडा. वस्तू कोणाची, कुठल्या गावची, कशासाठी वापरायचे, हे आठवेल तेवढं कागदावर उतरवून द्या. माहितीशिवाय आलेली समई तिथे नुसतंच पितळ ठरते. नोंदवहीतला क्रमांक आणि सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परतू नका. आणि ‘नको’ म्हणाले तर रागावू नका. तशा समया त्यांच्याकडे आधीच असतील. मग घासूनपुसून घरीच लावा.