'क्यू' म्हणजे रांग नव्हे

घाबरू नका, चार शब्द आले की अमेरिकेतली पहिली बार्बेक्यू पार्टी निभते. 'क्यू' म्हणजे बार्बेक्यू, धुरावर मंद भाजलेलं मांस, 'डॉग' म्हणजे हॉट डॉग, 'स्लॉ' म्हणजे कोबीची कोशिंबीर, बहुतेकदा मेयॉनेज घातलेली.

सगळे फसतात ते ब्राटवुर्स्टवर. या जर्मन सॉसेजचं लघुरूप 'ब्राट', विस्कॉन्सिनात घरोघरी. स्पेलिंग बघून 'ब्रॅट' म्हणू नका. मी यजमानीणबाईंकडे "दोन ब्रॅट द्या" म्हणून मागितले, तर त्यांनी हसत आपली दोन पोरंच पुढे केली! ब्रॅट म्हणजे वांड कार्टं.

दुसरं, 'क्यू' ऐकलं की लगेच ताट पुढे करू नका. नॉर्थ कॅरोलायनात ते बहुधा डुकराचं, टेक्सासात बीफ ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस. खात नसाल तर सरळ विचारा, कुणी रागावत नाही. कुठला सॉस चांगला, ही भांडणं पुढच्या उन्हाळ्यात.