राजस्थानातलं आकडा नावाचं झुडूप आणि आपली रुई एकच का? नसेल तर ओळखायचं कसं?

एक नाही, जवळच्या पण दोन वेगळ्या जाती आहेत, आणि फूल पाहिलं की फरक कळतो. जैसलमेर-बाडमेरच्या वाळूतला आकडा म्हणजे कॅलोट्रॉपिस प्रोसेरा: पाकळ्या पेल्यासारख्या उभ्या, आतून टोकाला गडद जांभळा डाग, कळी गोलसर. मारुतीला वाहतो ती रुई बहुतेक वेळा कॅलोट्रॉपिस जायगँशिया: पाकळ्या पसरलेल्या किंवा मागे वळलेल्या, फिक्या जांभळ्या नाहीतर पांढऱ्या, कळी लांबट. वनस्पतिशास्त्राची पुस्तकंही पाकळ्यांचीच खूण धरतात. पानांच्या नादी लागू नका, दोन्हींची जाड आणि पांढुरकीच. मात्र प्रोसेरा महाराष्ट्राच्या कोरड्या भागातही उगवते, तेव्हा नुसत्या ठिकाणावरून ठरवू नका. फूल तोडताना चीक डोळ्यांत जाणार नाही एवढं बघा.