आधी ऐक, मग समीक्षा वाच

भावा, मेटल आणि जॅझ ऐकायला सुरुवात करायची म्हणतोस, तर एका रात्रीत दहा अल्बम उरकू नकोस. एक घे, आठवडाभर तोच वाजव. सुरुवात ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या रॉक बँडच्या १९७०च्या पहिल्या अल्बमनं कर. पाऊस, घंटा, मग ती जड गिटार. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्याला हे परकं वाटायचं नाही. गिटारवाला टोनी आयोमीही बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यातलाच. तिथं उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, तर पठ्ठ्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि वाजवत राहिला. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन संगीत मासिकानं तेव्हा हा अल्बम झोडपला होता. आज मेटलची, म्हणजे या जड गिटारच्या रॉकची, सुरुवात इथूनच धरतात. म्हणून समीक्षा वाचताना आधी तिची तारीख बघ.

जॅझसाठी ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा १९५९चा 'काइंड ऑफ ब्लू'. पहिल्याच रचनेत डबल बास, म्हणजे ते खर्जातलं मोठं तंतुवाद्य, काहीतरी विचारतो आणि बाकीचे दोनच ठोक्यांत उत्तर देतात. सुरुवातीला तेवढंच पकड. मोबाईलच्या स्पीकरवर मात्र नको, बास गायबच होतो. मी तसाच ऐकला आणि 'हॉटेलातलं म्युझिक' म्हणून बंद केला होता. पुढं एका रात्री गल्लीतले माग थांबल्यावर हेडफोन लावला, तेव्हा कुठं तो बास ऐकू आला.