अरबी समुद्रात मासळी अधिक का?

आपला प्रश्न असा आहे की, अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर साधारण एकाच अक्षांशांवर असून मोसमी वारेही दोन्हींवर वाहतात, तरी मासळी पश्चिम किनाऱ्याला अधिक का मिळते. याचे मूळ पाण्याच्या जडपणात आहे.

गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात इतके गोडे पाणी ओततात, की त्याचा हलका थर खाऱ्या पाण्यावर झाकणासारखा पसरतो आणि खालची पोषकद्रव्ये वर येत नाहीत. अरबी समुद्रात बाष्पीभवन पाऊस व नद्यांच्या पाण्याहून अधिक असल्यामुळे असे झाकण बसत नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे सोमालिया व ओमानच्या किनाऱ्याचे वरचे पाणी दूर लोटतात आणि त्याच्या जागी तळाकडचे थंड, नायट्रेटसारख्या पोषकद्रव्यांनी युक्त पाणी येते. केरळच्या किनाऱ्यालाही हे घडते, त्या पोषकद्रव्यांवर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढते आणि तारली व बांगडा त्यावर पोसतात. हिवाळ्यात ईशान्येच्या कोरड्या वाऱ्यांनी उत्तर भागातले पृष्ठजल थंड व जड होऊन खाली बसते, त्यामुळे तेथे पुन्हा घुसळण होते. ओमानजवळचे हंपबॅक देवमासे आपल्या इतर भाईबंदांप्रमाणे ध्रुवीय समुद्राकडे न जाता वर्षभर अरबी समुद्रातच राहतात. या सुबत्तेचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

मुंबईसमोर समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, केरळसमोर ती बरीच अरुंद होते. मुंबईकडच्या या उथळ, गढूळ, जोरदार भरती-ओहोटीच्या पाण्यात बोंबील फोफावतो, आणि कोळी बांधव खुंटांना बांधलेली डोल जाळी प्रवाहाच्या तोंडाशी लावून तो धरतात. वसईकडे बांबूंच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील जवळून पाहावेत: दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकलेली असते, त्यामुळे वेगळी गाठ मारावी लागत नाही.

मात्र एवढे प्लवक मेल्यावर खाली जाऊन कुजते आणि जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, म्हणून सुमारे १५० ते १००० मीटर खोलीवर तो जवळजवळ नसतोच. पावसाळ्याच्या उत्तरार्धात व त्यानंतर हे पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागातही चढते, आणि तळाशी राहणाऱ्या मासळीला तेथून हलावे लागते. म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळातील मासळीचा हिशेब करताना पावसाच्या आकड्यांबरोबर तळच्या पाण्यातील प्राणवायूही पाहावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.